पाच-सोळाचा फोटो

— वाजत नाही ती बेल. दिवा लागतो फक्त. तुम्ही बाहेर दाबत उभे, मी आत चहाचं आधण ठेवतोय — मला कळणार कसं? कडी वाजवायची ना सरळ. बसा गुरुजी, इथे पंख्याखाली बसा, ती लॅपटॉपची वायर तेवढी ओलांडा. वयाने वीस वर्षं तरी लहान असाल तुम्ही माझ्यापेक्षा, पण गुरुजी म्हणायचं ते म्हणायचं. स्कूटर कुठे लावलीत? गेटपाशी नको, बाराला टँकर येतो — असू दे, असू दे, सहसा उशीरच करतो तो. मुलुंडला एक वाजता पूजा आहे म्हणालात ना, मी वेळ घेत नाही तुमचा. दोन वाक्यांचं काम आहे. फोनवरही झालं असतं, पण फोनवर मी नीट बोलत नाही. ताई म्हणायची, चंदू फोनवर मीटरचं रीडिंग दिल्यासारखा बोलतो. खरंच आहे. एकतीस वर्षं पाण्याच्या पंपिंग स्टेशनवर काढली, दर तासाला वहीत आकडे — प्रेशर एवढं, पातळी एवढी. माणूस तसाच होतो मग.

तर, ताईचं वर्षश्राद्ध. तुमचा मेसेज मिळाला — मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी, बुधवार, सकाळी दहा. बरोबर आहे, तुमच्या वहीत तेच असणार, वर्षभर मासिकं आपण चतुर्दशीलाच केली. माझं म्हणणं एवढंच की चतुर्दशी नको. अमावास्या धरा. दुसरा दिवस, गुरुवार.

— नाही, सोयीसाठी नाही. श्रुतिकाने तर बुधवारची रजा टाकलीसुद्धा. माझी पुतणी हो, बोरिवलीची, मोठ्या दादाची मुलगी — मासिकाला वाढायला असते ती. रजा बदलायची म्हणजे तिला त्रासच आहे. सोयीचं असतं तर बुधवारच सोयीचा होता. पण चुकीच्या तिथीला केलेलं पोचत नाही असं तुम्हीच म्हणालात ना पहिल्या मासिकाला? मी लिहून ठेवलंय. मी सगळंच लिहून ठेवतो.

तुमच्या मोबाइलमधलं पंचांग काढा ना, गेल्या वर्षीचं. चतुर्दशी कधी संपते? — चार एकोणसाठ. पहाटे. हो, माझ्याकडेही तेच आहे. म्हणजे साडेचारला गेली तर चतुर्दशी, पाचनंतर गेली तर अमावास्या. आता दाखल्यावर साडेचार आहे, मान्य. डॉक्टरांनी लिहिलं, पण डॉक्टर आले पावणेसातला. त्यांनी मला विचारलं, साधारण कधी? मी म्हटलं, साडेचार. झोपेतच. त्यांनी लिहिलं साडेचार. एकतीस वर्षं मी आकडे लिहितोय गुरुजी, चार पूर्णांक सत्तावीस म्हणजे चार पूर्णांक सत्तावीस. आणि त्या दिवशी असा गोल आकडा सांगून टाकला. साडेचार. लोकांनी धरला. श्रुतिकाने धरला. सगळ्या नातेवाइकांना फोनवर तिनेच सांगितलं — आत्या झोपेत गेली, किती भाग्याची.

ती पाच सोळाला होती. पाच वाजून सोळा मिनिटं चाळीस सेकंद. त्यानंतरचं मला माहीत नाही, पण तेवढं माहीत आहे.

— कसं म्हणजे? सांगतो. ते जरा लांबून सांगावं लागेल. चहा घ्या तुम्ही. साखर कमीच घालतो मी, ताईच्या वेळेपासून सवय.

तुम्हाला ती खोक्यातली दुर्बीण दिसतेय ना, देवघराच्या बाजूला? तिला पाय लावू नका म्हणजे झालं. सहा इंचाचा आरसा आहे तिच्यात. मी कुठे शिकलेलो नाही हो. पुस्तकं वाचली, चुका केल्या, वहीत लिहिल्या, परत केल्या. गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास एक धूमकेतू सापडला — मला नाही सापडला, जगाला सापडला — अगदी फिका. त्याला नीट नाव पण नाही, नंबर आहे. डोळ्यांना दिसणं शक्यच नाही, दुर्बिणीला डोळा लावून पण नाही. इथल्या आकाशात काय दिसणार, समोर ऐरोलीचे दिवे, खाली हायवे, आणि वारा दक्षिणेचा असला की देवनारच्या कचरा-डेपोचा धूर. पण फोटो काढता येतो. कसं — तीस सेकंदांचा एक फोटो काढायचा. त्यात काही नाही. नुसतं करडं. मग दुसरा काढायचा, तिसरा, ऐंशी, शंभर. मग ते कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवायचे, धूमकेतूवर धूमकेतू येईल असे. तो रोज सरकतो ना, ताऱ्यांच्या मधून. म्हणून तारे सगळे फरपटल्यासारखे लांब होतात, आणि मधे हा — एक डाग. कापसाच्या बोळ्याएवढा. तेवढ्यासाठी रोज पहाटे चार ते साडेपाच. ऑक्टोबर ते फेब्रुवारी. ढग नसतील ती प्रत्येक पहाट. सेहेचाळीस पहाटा झाल्या एकूण.

— कशासाठी? ताईने पण विचारलं होतं. मी दुर्बीण पुसत बसलो. ती म्हणाली, जाऊ दे रे, माणसं दारू पितात, तू डाग काढ.

आम्ही दोघंच इथे. ती पोस्टात होती, सॉर्टिंगला, रिटायर होऊन सहा वर्षं झालेली. लग्नं दोघांनीही केली नाहीत, कारण काही नाही, राहून गेली. रोज सकाळी ती चहा घेता घेता विचारणार — गावलो काय रे तुझो धूमकेतू? गावचं बोलणं ती माझ्याशीच बोलायची, बाहेर नाही. मी लॅपटॉप दाखवायचो. चष्मा वर करून बघायची. म्हणायची, चंदू, ह्यो माझ्या चष्म्यावरचो डाग आसा. पण दुसऱ्या दिवशी परत विचारणार, आज सरकलो काय? तारीख लावलेले फोटो मी प्रिंट काढून कपाटाच्या दारावर चिकटवले होते, एकाखाली एक, तिच्यासाठीच. बोट ठेवून सांगायची, इथून इथे आला. सॉर्टिंगवाली बाई. डिलिव्हरी कुठवर पोचली ते तिला कळलं पाहिजे.

पण नोव्हेंबरपासून तिला बरं नव्हतं. हृदय मोठं झालेलं, पायाला सूज, बोटांना सूज. मोबाइल हातात दिला तर बोट नीट लागायचं नाही त्या काचेवर. म्हणून ही बेल आणली, बिनवायरची. बटण तिच्या कॉटला दोऱ्याने बांधलं — तेच बटण हो, आता दाराला लावलंय, जुनी बेल बंद पडली होती, नवीन कशाला आणायची. आणि दुसरा भाग, आवाजाचा, तो मी गच्चीवर न्यायचो दुर्बिणीबरोबर. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, गच्ची तीन मजले वर. रेंज यायची बरोबर. ठरवलं होतं आम्ही. एकदा दाबलं तर सहज, काही काम नाही. दोनदा दाबलं तर पाणी. तीनदा म्हणजे ये. पहिल्या आठवड्यात बाईने एवढ्या वेळा एकदा-एकदा दाबलं! मी धावत खाली यायचो, ती म्हणायची, एकदाच दाबलं ना? मग कशाला आलास? बघत होते वाजते का.

आता त्या बेलचा आवाज म्हणजे चिमणी. चिवचिव चिवचिव, आणि मोठ्याने. पाचव्या मजल्यावर वेन बॅप्टिस्ट राहतो, चांगला माणूस आहे, गच्चीच्या खालीच त्याची बेडरूम. तो आला एके दिवशी, हात जोडून. चंदू, मॅन, तुझी ती चिमणी पहाटे चारला बोंबलते, इव्हाची सेकंड शिफ्ट असते, घरी यायला एक वाजतो, तेव्हा कुठे डोळा लागलेला असतो तिचा, काहीतरी कर ना रे. बायको नर्स आहे त्याची. बरोबरच होतं त्याचं. मी आवाज बंद केला. तशी सोय आहे त्या बेलमध्ये, आवाज नको असेल तर नुसता निळा दिवा लुकलुकतो. एकदा दाबलं की चार सेकंद.

— नाही, वेनला नाही बोलत मी. त्याला माहीत पण नाही. तेराव्याला केक घेऊन आला होता बिचारा, त्याला कळेना आपल्यात काय नेतात. माझ्या हातात दिला आणि रडला. तो रडला. मी केक फ्रिजमध्ये ठेवला.

तर दिवा. दिवा लागला की फोटो बिघडतो. एवढा फिका डाग धरायचा, आणि बाजूला निळा लखलखाट — कडेला सगळं निळं पसरतं. एका पहाटे ताईला झोप नव्हती, तिने सहज-सहज म्हणून इतक्या वेळा दाबलं की अकरा फोटो वाया गेले. अकरा! म्हणजे साडेपाच मिनिटं. मी तिच्यावर चिडलो. चिडलो म्हणजे काय — मी आवाज चढवत नाही. चहा देताना म्हटलं, ताई, अकरा फोटो गेले. एवढंच. ती म्हणाली, बरं बाबा. नाही दाबत.

आणि मी दुसऱ्या दिवसापासून त्याच्यावर टॉवेल टाकायला लागलो.

— हो, दिव्यावर. कठड्यावर ठेवायचो तो, टाकीच्या बाजूला, आणि वर टॉवेल. दर दहा फोटो झाले, म्हणजे पाच मिनिटांनी, टॉवेल उचलून बघायचो. वहीत लिहिलेलं आहे, दाखवतो हवं तर: ४.२५ बेल पाहिली, काही नाही. ४.३० पाहिली, काही नाही. ४.३५, काही नाही. रोज. चोवीस पहाटा असं लिहिलंय मी. — तुमच्या लक्षात आलं ना? तुम्हाला लगेच आलं. चार सेकंद लागणारा दिवा पाच मिनिटांनी बघून काय दिसणार. माझ्या नाही आलं लक्षात. रीडिंग घेतोय याचंच समाधान. मीटर बंद पडलेला असला तरी रीडिंग घेणारी माणसं बघितलीत मी स्टेशनवर, हसायचो त्यांना.

त्या पहाटे चारला उठलो. तिला पाणी दिलं, उशी वर केली. म्हटलं, आज राहू दे का? म्हणाली, जा, मी काय पळून जातंय? चंद्रकोर उगवायच्या आत काढ म्हणाली — पंचांग तिलाही कळायचं. मी वर गेलो. आकाश छान होतं, वर्षात चार-पाच वेळा मिळतं तसं. फोटो सुरू केले चार एकवीसला. त्या दिवशी फोकस जरा हलत होता थंडीमुळे, म्हणून डोक्यावरून काळं कापड घेऊन लॅपटॉपवर वाकलेलो — उजेड बाहेर जाऊ नये म्हणून कापड. पाच चाळीसला थांबलो. झाकपाक केली, दुर्बीण उचलून खाली आलो पाच बावन्नला.

ती कॉटवर नव्हती पडलेली. म्हणजे — होती, पण आडवी नाही. बसलेली. पाय खाली सोडून, भिंतीला टेकून. मी तिला आडवं केलं. चादर घातली. मग सगळ्यांना फोन केले. आले तेव्हा त्यांना ती झोपलेली दिसली, म्हणून झोपेत. मी नाही म्हटलं नाही.

— रडलो? नाही. आठवत नाही. दुर्बीण पुसून ठेवली, दव पडतं ना, आरशाला डाग पडतात. हे तुम्हाला विचारायचंच होतं — चौथ्या दिवशी पहाटे मी गच्चीवर गेलो होतो. सुतकात. दुर्बिणीला हात लावला. आधीच तीन पहाटा सुटल्या होत्या, अजून सुटल्या असत्या तर तो कुठल्या कुठे गेला असता, मालिका तुटली असती. खाली तिची समई लावलेली आणि वर मी. त्याला काही प्रायश्चित्त असतं का? — नसतं? बरं. सगळ्या पहाटा केल्या मी फेब्रुवारीपर्यंत. टॉवेलची गरज नव्हती. फोटो चांगले आले. हेच सगळ्यात चांगले आले.

मग तो लांब गेला, दिसेनासा झाला. आणि पावसाळा आला. पावसाळ्यात आमच्यासारख्याला काम नसतं, आकाशच नसतं. मी जुने फोटो लावायला काढले. बिघडलेले फोटो मी फेकत नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो, 'वाया' असं नाव आहे त्याचं. कुठे विमान आडवं गेलेलं, कुठे कोणाच्या गाडीचा उजेड. ते पण नोंदवायचे म्हणून बसलो श्रावणात एक दिवस. तर त्या पहाटेचा एक. एकशे चार नंबरचा. त्याच्या उजव्या कडेला निळं. थोडंसंच. टॉवेल घसरला असणार जरा वाऱ्याने, फटीतून आलेलं. वेळ फोटोतच असते, कॅमेरा लिहितो — पाच सोळा चाळीस.

इथेच आहे, हा बघा. उघडूनच ठेवलाय. इथे, कडेला. दिसलं? चष्म्यावरचा डाग वाटतो ना.

मी काय केलं सांगू का, तुम्हाला वाटेल डोकं फिरलं याचं. मी तीच बेल, तोच टॉवेल, तीच जागा — गणपती झाल्यावर एका मोकळ्या पहाटे सगळं तसंच मांडलं. बटण हातात घेऊन तीस सेकंदांचे फोटो काढले. एकदा दाबून. मग दोनदा दाबून. मग तीनदा. टॉवेल तसाच तेवढाच घसरवून, प्रत्येकाचे दहा-दहा, सरासरी काढायला. कडेचा निळा उजेड मोजता येतो आकड्यात. एकदाचा एकेचाळीस. दोनदाचा ऐंशी. तीनदाचा एकशे एकोणीस.

त्या फोटोतला एकशे अठरा.

— नको, पाणी नको मला. तुम्ही घ्या. मला काही होत नाही हो. हेच तर. आकडा बघितला, वहीत लिहिला, त्याच्याखाली रेघ मारली, स्टेशनवर गेलो. जनरल शिफ्ट होती. डबा खाल्ला. त्या दिवशी दुधी होता.

पण मग भाद्रपदातलं मासिक आलं, तुम्ही संकल्प सांगितलात, मी तुमच्या मागे म्हटलं — चतुर्दशी तिथी. मोठ्याने म्हणायचं असतं ते. आश्विनात परत म्हटलं. कार्तिकात परत. तीनदा खोटं बोललो, पाण्यावर हात ठेवून, माहीत असून. आधीची सोडा, आधी माहीत नव्हतं. आता वर्षश्राद्धाला मी ते म्हणू शकत नाही गुरुजी. तिला साडेचारला झोपेत घालून मी मोकळा झालो होतो. ती झोपेत नव्हती. ती उठून बसली होती, तिने तीनदा दाबलं, आणि वाट बघितली. किती वेळ बघितली ते कुठल्याही फोटोत नाही. पुढचे एकशे पाचपासूनचे सगळे बघितले मी, मोठे करून करून. परत निळं नाही कुठे. तिने परत नाही दाबलं. नाही दाबत म्हणाली होती ना.

तर अमावास्या लिहा. खोडून लिहिलंत तरी चालेल.

— श्रुतिकाला काय सांगायचं? तेच. तुम्ही म्हणता तसं नाही करायचं मला — तिथीचा हिशेब चुकला होता, पंचांगं दोन असतात, वगैरे. तुम्ही भल्यासाठी म्हणताय, कळतं मला. तिचं समाधान आहे, राहू दे की, आत्या झोपेत गेली. मलाही वाटलं तसं, चार महिने वाटलं. पंचांगात चूक नव्हती हो. चार एकोणसाठ म्हणजे चार एकोणसाठ. आता सुट्टीचा अर्ज बदलायला सांगायचं म्हणजे ती विचारणारच, का काका? आणि ती ताईचीच भाची आहे, उत्तर मिळेपर्यंत विचारणार.

म्हणून मी तिला आजच बोलावलंय. साडेबारा म्हटलं होतं. खरं सांगायचं तर तिथी फोनवर बदलता आली असती मला. तुम्हाला बोलावलं ते — एकदा आधी कोणापुढे तरी म्हणून बघावं. सलग म्हणता येतं का. आलं म्हणता. तुम्हाला लांबलं असेल, पण आलं. तिला हा फोटो दाखवायचा की आधी सांगून मग दाखवायचा, एवढंच ठरत नाही. ती विचारेल, काका, तू तेव्हा काय करत होतास? मी म्हणेन, फोटो काढत होतो. कशाचा? — आणि मग मला तो दुसरा दाखवावा लागेल, सगळे एकत्र केलेला, त्याच पहाटेचा, हा एकशे चार नंबर सोडून. तो बघा, कपाटाच्या दारावर, खालून सातवा. चांगला आलाय. शेपूट पण दिसतं त्यात थोडं. ताईने तो बघितला नाही. म्हणजे ती बोट ठेवायची ना, इथून इथे, तर ते तिथवरच —

थांबा.

दिवा लागला. नाही, तुम्हाला नाही दिसणार, तुमच्या मागे आहे, फ्रिजवर. मी तिकडेच बघत बसलो होतो म्हणून दिसला. एकदाच लागला. आता परत दाबेल ती, तिला माहीत नाही वाजत नाही ते — उठा गुरुजी. चप्पल राहू दे, चप्पल नंतर घाला, जरा बाजूला व्हा. मला दार उघडू दे.